मैदानाच्या कडेची थंडी



मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले कीं आपल्याकडील शाळांतून वार्षिक क्रीडास्पर्धांची धांदल सुरू होते. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, खो-खोचे खांब रोवले जातात, लंगडी, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, शंभर मीटरची धांव, रस्सीखेच असा भरगच्च कार्यक्रम छापला जातो. आणि त्याच्या तळाशीं एक ओळ असते, ‘पालकांनीं सकाळीं ठीक सात वाजतां उपस्थित राहावें.’ मुलाच्या गणवेषाविषयीं, बुटांविषयीं, छातीवर लावावयाच्या क्रमांकाविषयीं घरांत चार दिवस आधीं चर्चा होते. मात्र जो पाहावयास जाणार, त्यानें काय घालावें याचा विचार घराबाहेर पडण्यापूर्वीं दोन मिनिटें होतो. खुंटीवर जें हाताला लागेल तें अंगावर चढतें. या दुर्लक्षित प्रेक्षकाच्या पोशाखाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. आपल्याकडे कांहीं बर्फ पडत नाहीं. दोन-तीन तास बसावयाचें, त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? परंतु कोणत्याहि क्रीडासंमेलनांत सात वाजतां असलेली पालकांची गर्दी आणि साडेआठ वाजतां उरलेली गर्दी यांची तुलना करून पाहावी. कोणी हात चोळीत चहाच्या गाडीकडे निघून जातो, कोणी मोटारींत जाऊन बसतो, कडेवरचें लहान मूल किरकिरूं लागतें म्हणून एखादी माता अर्ध्यावरच घरीं परतते. आजी-आजोबांना तर बहुधा निघतांनाच सांगितलें जातें, ‘तुम्ही नका येऊं, गारठा बाधेल.’ ज्या नातवाची शर्यत पाहण्याची त्यांना महिनाभर आस लागलेली असते, ती त्यांना दुपारीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. आणि शर्यत संपतांच धापा टाकणारें मूल पाहतें कोणाकडे? पंचाकडे नव्हे, दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे. जिंकलेल्या मुलापेक्षां हरलेल्या मुलाला त्या क्षणीं आपलें माणूस दिसण्याची अधिक गरज असते. अंगावर एक शाल कमी पडली, एवढ्याच कारणानें तें माणूस त्या जागीं नसावें, ही गोष्ट मला तरी क्षुल्लक वाटत नाहीं.

आतां प्रथम आपल्या थंडीचा स्वभाव समजून घेऊं. काश्मीरची थंडी दिवसरात्र ठाण मांडून बसते. दख्खनच्या पठारावरील थंडी ही मुख्यतः पहांटेची थंडी आहे. पुण्यास जानेवारींत पहांटेचें उष्णतामान सरासरीनें ११-१२ अंश सेल्सियसच्या आसपास असतें, आणि त्याच दिवशीं दुपारीं पारा ३० अंशांच्या जवळ पोंचतो. अठरा-वीस अंशांचा हा चढउतार हेंच आपल्या हिंवाळ्याचें खरें वैशिष्ट्य होय. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली म्हणजे ढगांचें व बाष्पाचें पांघरूण नसतें, आणि ती उष्णता बिनअडथळा निघून जाते. ही क्रिया सूर्य उगवेपर्यंत, किंबहुना उगवल्यावरहि थोडा वेळ, चालू राहते. म्हणून चोवीस तासांतील सर्वांत गार घटका मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या सुमाराची असते. जानेवारींत पुण्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे शाळा पालकांना मैदानावर बोलावतात ती नेमकी त्याच घटकेला.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी सखल जागीं उतरून सांचते. त्यामुळें नदीकांठचें मोकळें मैदान हें टेकडीवरील वस्तीपेक्षां पहांटे हटकून अधिक गार असतें. नाशिक जिल्ह्यांतील निफाडचा परिसर यासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्रीं बागांतून शेकोट्या पेटवून वेलींना जपतात. घराच्या गच्चींत उभें राहून ‘आज फारशी थंडी नाहीं’ असा निर्णय देणाऱ्या गृहस्थांनीं मैदान आपल्या गच्चीहून निराळें आहे, हें लक्षांत ठेवावें. आपल्या प्रदेशांतील थंडी केव्हां केव्हां किती खालीं जाते याचीं दोन उदाहरणें देतों. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंशांची नोंद झाली. असे दिवस विरळा. परंतु मैदानी मुलखांत किमान उष्णतामान १० अंश वा त्याहून खालीं गेलें आणि नेहमींच्या मानानें तें निदान साडेचार अंशांनीं कमी असलें, म्हणजे हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. आणि अशा लाटा कांहीं आपल्याला नवीन नाहींत. आदल्या दिवशींचा हवामानाचा अंदाज पाहून मग पोशाख ठरवावा, हें उत्तम.

दुसरा प्रश्न असा कीं, त्याच मैदानावर अर्ध्या चड्डींतील मूल मजेंत असतें आणि स्वेटर घातलेले वडील कुडकुडत असतात, हें कसें? मनुष्यदेह ही एक शेगडी आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या देहांत सुमारें १०० वॅट उष्णता निर्माण होत असते; जुन्या काळच्या शंभराच्या एका दिव्याइतकी म्हणा. जोरानें धांवणाऱ्याच्या देहांत ती याच्या आठ-दहा पटींवर जाते. अर्थात् धांवणारा आपली ऊब आपण निर्माण करतो. पाहणाऱ्याला मात्र आहे तेवढीच ऊब राखून ठेवावयाची असते. म्हणून पाहणाऱ्याचा पोशाख हा खेळणाऱ्याच्या पोशाखाहून जाड असला पाहिजे. आपण नेमकें उलट करतों : मुलाला कानटोपीपासून मोज्यांपर्यंत गुंडाळतों आणि स्वतः एका सदऱ्यावर निघतों. शिवाय घरापासून मैदानापर्यंत झपझप चालत आल्यामुळें अंगांत ऊब असते, आणि त्या उबेनेंच फसगत होते. पहिला अर्धा तास बरा जातो. मग हळूहळू बोटें, नाक, कान आणि तळपाय गार पडूं लागतात. एकदां गार पडलेलें अंग पुन्हां तापवण्यापेक्षां तापलेलें अंग गार न होऊं देणें कितीतरी सोपें आहे. म्हणून शाल बरोबर न्यावी आणि जागेवर बसतांक्षणींच पांघरावी. थंडी वाजूं लागण्याची वाट पाहूं नये.

कपड्यांत मुळांत ऊब नसते, हें येथें सांगितलें पाहिजे. बर्फाचा तुकडा घोंगडींत गुंडाळून ठेवला तर तो लवकर वितळत नाहीं; घोंगडी जर स्वतः गरम असती तर तो आधींच वितळला असता. वस्त्राचें काम एवढेंच कीं, आंतली उष्णता बाहेर व बाहेरची आंत जाऊं द्यावयाची नाहीं. आणि हें काम धाग्यापेक्षांहि धाग्यांच्या मध्यें कोंडलेली स्थिर हवा करीत असते. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षां वीस पटींहून अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. या एका तत्त्वांतून तीन नियम आपोआप निघतात. पहिला, कपडा जाड असण्यापेक्षां फुगीर असावा. दुसरा, एका जाड कपड्याऐवजीं दोन-तीन पातळ कपडे एकावर एक असावे, कारण प्रत्येक दोहोंच्या मध्यें हवेचा आणखी एक थर राहतो. तिसरा, कपडा ओला होऊं देऊं नये आणि त्यांतून वारा वाहूं देऊं नये. कारण ओल आणि वारा हे दोघेहि त्या कोंडलेल्या हवेचे वैरी आहेत.

आपल्या हिंवाळ्यास तर थरांची ही पद्धति विशेषच उपयोगी आहे. सात वाजतां ११ अंश आणि अकरा वाजतां २५ अंश, अशा सकाळीं एकच जाड कोट घातलेला मनुष्य प्रथम थोडा सुखी आणि नंतर पुरा दुःखी होतो. ज्याच्या अंगावर तीन थर आहेत, तो सूर्याबरोबर एक एक थर उतरवीत जातो. तेव्हां आपला पोशाख निवडतांना ‘हा किती उबदार?’ या प्रश्नाबरोबरच ‘हा सहज उतरवतां येईल काय?’ हाहि प्रश्न विचारावा. डोक्यावरून ओढून काढावयाच्या स्वेटरापेक्षां पुढून बटणें किंवा चेन असलेला स्वेटर येथें अधिक सोयीचा. आणि काढलेले कपडे ठेवण्यास एक कापडी पिशवी बरोबर असावी.

आंतला थर अंगाला लागून, पण घट्ट न आवळणारा असावा. साधा सुती गंजीफ्राक बसून पाहणाऱ्याला चालतो. परंतु जो मनुष्य सायकल मारीत किंवा टेकडी चढून येणार, त्याचा सुती गंजीफ्राक घामानें भिजतो आणि मग तो ओला कपडा बर्फासारखा अंगास चिकटून राहतो. अशानें एक कोरडा गंजीफ्राक बरोबर आणून बदलावा, अथवा आंतून पातळ लोंकरीचा वा हल्लीं बाजारांत ‘थर्मल’ या नांवानें मिळणारा कपडा घालावा.

मधला थर हा खरा उबेचा थर. यांत लोंकरीचा मान पहिला. लोंकरीचा तंतु सरळ नसून नागमोडी असतो, म्हणून तो हवा धरून ठेवतो. तो आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊनहि हाताला ओला लागत नाहीं, आणि त्यामुळें दंवाच्या सकाळीं तो विश्वासाचा सोबती ठरतो. कृत्रिम धाग्यांपैकीं पॉलिएस्टरचें ‘फ्लीस’ हें लवदार कापड हलकें, फुगीर आणि लवकर वाळणारें असतें. किंमतहि बहुधा लोंकरीहून कमी. ॲक्रिलिकचे स्वेटर सर्वांत स्वस्त. स्थिर हवेंत ते पुरेसे उबदार असतात. मात्र त्यांची वीण सैल असली तर वारा आरपार जातो. हिंवाळ्यांत आपल्या अनेक शहरांतून तिबेटी विक्रेते स्वेटरांचीं दुकानें मांडतात, आणि त्यांतील पुष्कळसा माल लुधियानाहून आलेला असतो. तेथें किंवा अन्यत्र खरेदी करतांना नुसत्या वजनावर जाऊं नये. कपडा मुठींत दाबून सोडावा. तो चटकन् पूर्ववत् फुगला तर त्यांत हवा धरण्याची शक्ति आहे असें समजावें. उजेडापुढें धरून पाहावा. भोकें दिसलीं तर वरून दुसऱ्या थराची जरुरी लागणार, हें ओळखावें. घरांतील जुना स्वेटर फेंकून देऊं नये. परंतु गरम पाण्यांत धुऊन आटलेला, घट्ट झालेला लोंकरी स्वेटर पहिल्याइतकी ऊब देत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. लोंकर कोमट किंवा गार पाण्यांतच धुवावी.

बाहेरचा थर वाऱ्यासाठीं. येथें मी आपणांस एक बिनखर्चाची युक्ति सांगतों. पावसाळा संपतांच जो पावसाळी कोट घडी घालून माळ्यावर टाकला जातो, तोच स्वेटरावर चढवावा. त्यांतून वारा शिरत नाहीं. त्यामुळें आंतल्या सामान्य स्वेटराची ऊब एकदम वाढल्यासारखी वाटते. दिसावयास तो जरा विनोदी दिसेल; परंतु मैदानावर सर्वांचे डोळे मुलांकडे लागलेले असतात, आपल्याकडे नव्हे.

या ठिकाणीं आपल्या घोंगडीची आठवण केल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोंकरीची, सनगर विणकरांनीं मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी धनगराला उघड्या माळावर ऊन, वारा, पाऊस आणि थंडी या चारांपासून राखीत आलेली आहे. जो मनुष्य रात्रभर मेंढरांजवळ स्वस्थ बसून राहतो, त्याच्याहून बसून पाहणाऱ्याच्या पोशाखाचें ज्ञान अधिक कोणास असणार? ती अंगाला टोंचते ही तक्रार खरी. म्हणून ती अंगाखालीं घालावी. मैदानाच्या दगडी पायऱ्या, लोखंडी खुर्च्या आणि दंवानें भिजलेलें गवत हीं बसणाऱ्याची उष्णता खालून ओढून घेत असतात, आणि वरून तीन शाली पांघरल्या तरी ही गळती थांबत नाहीं. चौघडी घोंगडी, तीहि नसेल तर जुन्या गोधडीची वा वर्तमानपत्रांची जाड घडी खालीं घेतली, म्हणजे अर्धी थंडी पळते. माझ्या मतें प्रेक्षकानें बरोबर न्यावयाच्या वस्तूंत पहिलें स्थान शालीला नसून आसनाला आहे.

आतां डोकें, हात आणि पाय यांकडे वळूं. शरीराची निम्मी उष्णता डोक्यावाटें निघून जाते, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें खरें नाहीं. डोकें हा प्रौढ देहाचा सुमारें दहावा भाग, आणि उष्णताहि साधारण त्याच प्रमाणांत तेथून जाते. परंतु कान आणि चेहरा यांना थंडी फार लवकर कळते, आणि उघड्या कानांवर वारा लागला कीं साऱ्या अंगाला थंडी वाजल्यासारखें होतें. म्हणून आपली जुनी कानटोपी हें हास्याचें साधन न मानतां बुद्धीचें लक्षण मानावें. टोपी नको असेल त्यांनीं मफलर कानांवरून घेऊन गळ्याशीं बांधावा. गळ्याच्या उघड्या भागांतून आंतली उबदार हवा धुराड्यांतून निघावी तशी वर निघून जात असते, तिलाहि त्यामुळें आळा बसतो. हातमोजे असावे, पण ते असे असावे कीं ते घातले असतांहि टाळी वाजवतां येईल, कारण टाळी हेंच तर प्रेक्षकाचें मुख्य काम!

पायांच्या बाबतींत एक चूक सर्वत्र होते. थंडी आहे म्हणून दोन जोड मोजे घालून पाय घट्ट बुटांत कोंबला जातो. त्यामुळें मोज्यांतील हवा दबते, पायांतील रक्ताचा प्रवाह अडतो, आणि पाय अधिकच गार पडतात. एकच जाड लोंकरी मोजा आणि बोटें हलवतां येतील असा सैल बूट, हें उत्तम. ज्या भगिनी चपला वापरतात त्यांच्यासाठीं अंगठ्याची बाजू निराळी असलेले मोजे मिळतात. ते घालून चपलेखालीं, दंव असेल तेथें, पुठ्ठ्याचा तुकडा टाकावा. साडी नेसणाऱ्यांची अडचण अशी कीं, वर स्वेटर, त्यावर शाल असा बंदोबस्त असतो. परंतु खालून, घोट्यांशीं, वारा मोकळा खेळत असतो. परकराच्या आंत लोंकरी किंवा फ्लीसची विजार घातली कीं ही उणीव भरून निघते, आणि बाहेरून कांहीं दिसतहि नाहीं. शाल मात्र अशी पांघरावी कीं, उभें राहतांच खांद्यावरून घसरणार नाहीं. पोर धांवूं लागलें कीं शाल सांवरावी कीं पोराकडे पाहावें, असा प्रश्न पडूं नये.

पोशाखाइतकेंच जागेला महत्त्व आहे. सूर्य पूर्वेस उगवतो. म्हणून पूर्वेच्या इमारतींची व झाडांची सांवली पूर्वेकडील कडेवर सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळते, आणि पश्चिमेच्या कडेला ऊन प्रथम येतें. पश्चिम बाजूस, पाठीशीं एखादी भिंत घेऊन, पूर्वेकडे तोंड करून बसावें. ऊन डोळ्यांवर येईल. त्यासाठीं टोपीला पुढें झांप असावी. नऊनंतर सावलींत सरकावयास हरकत नाहीं.

वृद्धांविषयीं दोन शब्द अगत्याचे आहेत. वाढत्या वयांत थंडीची जाणीवच मंद होते. आजोबा ‘मला कांहीं थंडी नाहीं’ म्हणाले, म्हणजे ती खरोखरीच नाहीं असें नव्हे. थंडीनें कातडीखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरील भार वाढतो. म्हणून ज्यांना हृदयविकार किंवा दमा आहे त्यांनीं वैद्याचा सल्ला घ्यावा, औषध चुकवूं नये, आणि नाकातोंडावरून मफलर घ्यावा, म्हणजे श्वासाची हवा थोडी ऊन होऊन आंत जाते. परंतु एवढी काळजी घेतल्यावर त्यांना घरीं ठेवण्याचें कारण बहुधा उरत नाहीं. नातवाची शर्यत साडेनऊ वाजतां असेल, तर आजीला सात वाजतां नेण्याची सक्ति कोणी केली आहे? कार्यक्रमपत्रिका पाहून, ऊन चढल्यावर, त्यांना घेऊन यावें. थंडीवर उन्हासारखी दुसरी शाल नाहीं.

मांडीवरील तान्ह्या मुलाची गोष्ट याहून नाजूक. तें हलत नाहीं, बोलत नाहीं, आणि त्याच्या लहानशा देहाच्या मानानें त्याचें अंग अधिक उघडें पडतें. त्याचें डोकेंहि देहाच्या मानानें मोठें असतें. म्हणून त्याला टोपरें हवेंच. त्याचे हातपाय गार लागले एवढ्यावरून घाबरूं नये. मानेच्या मागें किंवा छातीवर हात लावून पाहावा. तेथें गार लागलें तर आणखी एक थर घालावा, घाम लागला तर एक काढावा. त्याचें तोंड शालीखालीं झांकून टाकूं नये.

आतां खेळणाऱ्या मुलांविषयीं, आणि हें मी पालकांइतकेंच शिक्षकबंधुभगिनींना उद्देशून बोलतों. धांवतांना मुलाला थंडी वाजत नाहीं हें खरें. पण तें धांवतें किती वेळ? पंधरा-वीस सेकंद. बाकीचे दोन तास तेंहि एक प्रेक्षकच असतें, आणि तेंहि पातळ गणवेषांतील प्रेक्षक. संचलनासाठीं मुलें रांगेंत उभीं असतात, प्रमुख पाहुण्यांना येण्यास उशीर होतो, आणि अर्धा-पाऊण तास तीं कोंवळीं पोरें दंवांत तिष्ठत राहतात. रांग सुबक दिसावी म्हणून त्यांचे स्वेटर आधींच काढून घेतलेले असतात. माझी विनंति अशी कीं, नांव पुकारलें जाईपर्यंत स्वेटर अंगावर असूं द्यावा. शर्यतीपूर्वीं पांच मिनिटें मुलांना जागच्या जागीं धांवावयास लावून अंग गरम करून घ्यावें, मगच स्वेटर काढावा. आणि शर्यत संपून घाम पुसतांच तो पुन्हां घालावा, कारण धांव थांबली कीं घामानें भिजलेलें अंग झपाट्यानें निवतें. स्वेटरावर आंतून मुलाचें नांव शिवावें, म्हणजे शंभर सारख्या स्वेटरांच्या ढिगांत तो हरवणार नाहीं. आणि ज्या शाळांना शक्य असेल त्यांनीं थंडीच्या लाटेच्या दिवशीं कार्यक्रम सातऐवजीं नऊ वाजतां सुरू करावा. ज्यांच्या घरीं दुसरा स्वेटर नाहीं, अशीं मुलें प्रत्येक शाळेंत असतात. वेळ दोन तास पुढें ढकलणें हा त्यांच्यासाठीं सर्वांत स्वस्त स्वेटर होय.

कांहीं ठिकाणीं कडेला शेकोटी पेटवली जाते. तिच्याभोंवतीं गोष्टी चांगल्या रंगतात. पण पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक हीं कापडें ठिणगीनें वितळून अंगास चिकटतात, हें विसरूं नये. शेकोटीजवळ पदर व मफलर खोंचलेला असावा, आणि त्या जागीं वरचा थर लोंकरीचा किंवा सुती असणें बरें. पेटलेली शेगडी मात्र बंद मंडपांत वा मोटारींत कधींहि नेऊं नये. तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

हें सर्व बोलणें मुख्यतः पठारावरील गांवांना धरून झालें. मुंबईस व कोंकणकिनाऱ्यावर समुद्र रात्रीच्या हवेला फारशी निवूं देत नाहीं. तेथें एक पातळ शाल पुरते. नागपूर-अमरावतीकडे किंवा खानदेशांत वर सांगितलेलें सारें लागू आहे. दिल्लीकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांना दाट धुक्याशींहि गांठ असते. तेथें दुपारींहि थर उतरवण्याची वेळ क्वचितच येते, आणि बाहेरचा थर ओल न धरणारा असावा लागतो. इंग्लंडांत नोव्हेंबरच्या पावसांत मुलांचा फुटबॉल पाहणाऱ्या मराठी आईबापांना तर पावसाळी कोटाची युक्ति मीं सांगावयास नकोच.

तात्पर्य, खालीं आसन, आंत कोरडा थर, मध्यें फुगीर थर, वर वारा अडवणारा थर, कान झांकलेले, पाय सैल आणि पाठीशीं भिंत : एवढें जमलें कीं प्रेक्षकाची सिद्धता झाली. यांतील बहुतेक वस्तु आपल्या घरांत आहेतच. आदल्या रात्रीं त्या पिशवींत भरून दाराशीं ठेवावयाच्या, इतकेंच काय तें काम. लहान मुलांच्या शर्यती बहुधा आधीं होतात आणि रस्सीखेंच सर्वांत शेवटीं; ती पाहावयास मैदानाच्या कडेला माणसें उरलेलीं असावीत, आणि जो संघ दोरीसकट पुढें फरपटत गेला त्यालाहि कोणीतरी टाळी देणारें असावें, एवढ्यासाठीं हा सारा प्रपंच.